मेंढीचं उदाहरण

नववीच्या वर्गाला मेंदूचा भाग शिकवताना मी पुस्तकातलं जसंच्या तसं वाचून दाखवतो. फळ्यावर आकृती काढतो, नावं लिहून देतो आणि पुढे जातो. एरवी माझी तशी पद्धत नाही. दौंडच्या या शाळेत विज्ञान शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली. मुलांना माझ्याबद्दल विचारलं तर सर उदाहरणं चांगली देतात, एवढं तरी ती नक्की सांगतील. या एकाच ठिकाणी मी उदाहरण का देत नाही, हे कुणी विचारलेलं नाही. न विचारताच लिहून ठेवतो आहे.

उदाहरण द्यायला मला घोडनदीच्या शाळेतल्या सरांनी शिकवलं. शिरूरला आमच्याकडचे लोक अजून घोडनदीच म्हणतात. सर ख्रिस्ती होते, मिशनच्या जुन्या बंगल्यामागे दोन खोल्यांत राहायचे. बोर्डिंगातल्या आम्हा पाच-सहा मुलांना ते रविवारी प्रार्थना उरकून आल्यावर शिकवायचे आणि त्याचं काही घ्यायचे नाहीत. केशनलिकेत पाणी का चढतं हे त्यांनी आम्हाला कंदिलाची वात दाखवून समजावलं होतं. ते म्हणायचे, समोरच्याच्या घरात जी वस्तू असेल तिचंच उदाहरण द्यावं, आपल्या घरातली त्याच्या काय कामाची. मी पुढे बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, नोकरीला लागलो, ते त्या रविवारांच्या जोरावर.

आणि आक्काच्या जोरावर. आक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आमचं गाव कवठे येमाई, पण माझ्या लहानपणी आम्ही गावात असायचो पावसाळ्याचे चार महिने. दिवाळी झाली की आबा, म्हणजे आमचे वडील, घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे कोकणाकडे उतरायचे. आई लवकर गेली होती. कोकरं सांभाळायला, भाकरी थापायला एक पोर बरोबर लागायचं. मी तिसरीत असताना आबा मला न्यायला निघाले, तेव्हा आक्का म्हणाली, त्याला शाळेत राहू द्या, मी येते. तिचीही शाळा तिसरीतच सुटली होती. त्यानंतर सात वर्षं ती चालत राहिली आणि मी बोर्डिंगात बसून दोन वेळ जेवलो. ती मला सायेब म्हणायची. मी साहेब व्हायच्या कितीतरी आधीपासून म्हणायची.

मेंढरांचा एक आजार असतो. मेंढी कळप सोडते आणि एकाच अंगाला गोल गोल फिरायला लागते. चारा खात नाही, भिंतीला धडकते. तिच्या डोक्यात पाण्याची पिशवी झालेली असते. आबांना ती पिशवी काढता यायची, आणि त्यासाठी आसपासच्या चार गावांतून लोक मेंढ्या घेऊन यायचे. आबा आधी मेंढीच्या कपाळावर अंगठा दाबून बघायचे. हाड दाबलं जात नसेल तर म्हणायचे, कच्चं आहे, थांबा. पिशवी मोठी झाली की वरचं हाड पातळ पडतं, अंगठ्याखाली दबतं. मग ते कातडी चिरायचे, हाडाची टिकली उचलायचे आणि आतली पिशवी न फुटता अलगद ओढून काढायचे. वर हळद आणि राख. आधी घाई केली तर पिशवी सापडत नाही आणि मेंढी हातातच जाते, हे त्यांचं म्हणणं. निम्म्याशिम्म्या जगायच्या.

मेंढीचं डोकं धरायचं काम आक्काचं. गुडघ्यांत मान आवळून दोन्ही कान धरून ती बसायची. सुट्टीत मी गावी असलो की मला पाय धरायला लावायचे आणि मी डोळे मिटून घ्यायचो. ती हसायची. म्हणायची, "सायेब, उघडा डोळं. झालं सगळं."

आक्काचं लग्न आमच्या आतेभावाशी झालं. दाजी कासुर्डीचे, यवतच्या अलीकडे हायवेला लागून त्यांची शेती. आबा त्यांचे सख्खे मामा, त्यामुळे आबांच्या शब्दापुढे दाजी कधी गेले नाहीत. मीही नोकरीला लागलो तो त्याच तालुक्यात, दौंडला. तोवर आबांनी फिरणं सोडलं होतं. कवठ्याच्या रानाला पाणी आलं, त्यात कांदा घ्यायचे. पण दारात दहा-बारा मेंढरं ठेवलीच होती. वास आल्याशिवाय झोप लागत नाही म्हणायचे.

नवीन शतक लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका शनिवारी सकाळी आक्का गोठ्यात शेण काढत होती. एकाएकी तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि खाली बसली. उलट्या झाल्या. दाजींना ती एवढंच म्हणाली की डोक्यात दगड घातल्यासारखं झालं. मी दौंडहून पोचलो तोवर गावातल्या डॉक्टरांनी तिला तपासलं होतं. त्यांनी तिची मान पुढे वाकवून पाहिली, ती वाकेना. त्यांनी गोळी-इंजेक्शन काही न करता चिठ्ठी लिहिली आणि आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या म्हणाले. त्या माणसाचे उपकार मी विसरलो नाही. आमच्या बाजूने पुढे जे झालं त्यात त्यांचा काही दोष नव्हता.

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात फोटो निघाले. सोमवारी जांघेतल्या धमनीतून नळी घालून, औषध सोडून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. डॉक्टरांनी मला आणि दाजींना बोलावून कागदावर रेघ ओढून दाखवलं. मेंदूच्या एका रक्तवाहिनीची भिंत एका जागी पातळ होऊन तिला बोराएवढा फुगवटा आलेला होता. तो शनिवारी थोडा फाटला आणि आपोआप बंद झाला. तो पुन्हा फाटेल, आणि कधी फाटेल ते सांगता येत नाही. डॉक्टर म्हणाले, पूर्वी याला कवटी उघडून चिमटा लावावा लागे. आता जांघेतूनच बारीक नळी थेट त्या फुगवट्यापर्यंत नेता येते. तिच्यातून प्लॅटिनमची केसासारखी मऊ तार आत सोडायची. तार आत गेली की आपोआप गुंडाळी होते, फुगवटा भरून जातो आणि त्यात रक्त शिरायचं थांबतं. डोक्याला टाकाही नाही. हे करणारे तज्ज्ञ मुंबईहून दर बुधवारी येत. डॉक्टरांनी बुधवारची वेळ धरली. तारेच्या खर्चातली मोठी सूट त्यांनीच मिळवून दिली, उरलेल्याची सोय माझ्या शाळेने केली. म्हणजे पैशावाचून काही अडलेलं नव्हतं.

दाजींनी कागद हातात घेतला आणि खाली ठेवला. म्हणाले, "मामास्नी इचारल्याबिगर म्या सही करनार न्हाई. त्यांची लेक हाय."

यात वावगं काही नव्हतं. आमच्यात असंच चालतं. मी मंगळवारी सकाळी शिवाजीनगरहून शिरूरची एस.टी. पकडली. शिरूरला कवठ्याची गाडी सुटायला तास होता. डेपोच्या बाकावर बसून मी आबांना कसं सांगायचं याची तयारी केली. पाठ काढायचो तशी तयारी केली, हे मी मुद्दाम लिहितो.

आबा दारात चातीवर लोकर कातत बसले होते. मी पाणी प्यायलो आणि सांगायला लागलो. रक्ताची नळी, तिची भिंत, फुगवटा. आबांची चाती थांबली पण चेहऱ्यावर काही उमटेना. मला सर आठवले. समोरच्याच्या घरातलं दे. दहा पावलांवर मेंढरं बसलेली होती.

मी म्हणालो, "आबा, फिरणाऱ्या मेंढीच्या डोक्यात पान्याची पिशवी असती न्हवं का? तशी आक्काच्या डोक्यात रगताची पिशवी झालीया. ती काढायचीय."

आबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतक्या वर्षांत मी त्यांना माझ्या शिक्षणातलं काही सांगितलं आणि त्यांना ते पुरतं कळलं, असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून आठवतं, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"मंग आसं सांग की," आबा म्हणाले. "हाड दबतंय का?"

"तसं नसतं, आबा. तिथं हाडाचा काय संबंध न्हाई."

"तू दाबून बघितलंस का?"

"न्हाई."

"मंग."

मी तार घालण्याबद्दल सांगितलं. बहिणीची जांघ वडिलांपुढे तोंडातून निघेना म्हणून पायातून असं म्हणालो. आबांनी माझ्याकडे बघितलं. पाय कुठं आणि डोकं कुठं, असं ते स्वतःशी बोलल्यासारखं बोलले. मग धोतर बदलून माझ्याबरोबर निघाले.

शिरूरहून पुण्याच्या गाडीत त्यांना खिडकी दिली. वाटेत शिक्रापूरच्या पुढे एका दुकानाबाहेर सायकलची ट्यूब पाण्यात बुडवत बसलेला माणूस दिसला आणि मला योग्य उदाहरण सापडलं. टायर एका जागी फाटला की आतली ट्यूब तिथून बाहेर फुगते. ती फुगवटी पिकत नाही, ती फुटते. आज नाही फुटली तर उद्या फुटते. मी लगेच आबांना ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"सकाळी पिशवी म्हनला," ते म्हणाले. "आता ट्यूब म्हनतूस. तुझं तुला तरी नक्की ठावं हाय का?"

पंधरा-सतरा वर्षं वर्गात घालवल्यावर शिक्षकाला एक गोष्ट कळलेली असते. नियम विसरला जातो, पहिलं उदाहरण राहतं. दुसरं दिलं की मुलांना वाटतं सरांनाच येत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

संध्याकाळी भेटायच्या वेळी आम्ही वॉर्डात पोचलो. आक्का उशीला टेकून बसली होती. डोकं दुखायचं थांबलं नव्हतं, पण ती चहा मागत होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला कोकणातल्या गोष्टी सांगत होती. आबा तिच्यापाशी गेले. त्यांनी तिचा पदर मागे सारला आणि कपाळावर, मग वर, मग कानशिलांशी अंगठा दाबत गेले. सावकाश, मेंढीचं बघायचे तसंच. वॉर्डातल्या बायका बघत होत्या.

आक्काच्या लगेच ध्यानात आलं. ती माझ्याकडे बघून हसली. "म्हंजी मला फिरणं लागलंय व्हय? मंग माझं डोस्कं कोन धरनार? सायेब तर डोळं मिटून घेत्याती."

मी काहीतरी हसण्यावारी नेलं. आबांनी हात काढला.

"कच्चं हाय," ते दाजींना म्हणाले. "आठ-पंधरा दिस थांबावं लागंल. आताच हात घातला तर पोर जाईल."

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना खुर्ची देऊन समोर बसवलं. ते शांतपणे बोलले, फोटो दाखवला, थांबण्यात काय धोका आहे ते दोनदा सांगितलं. आबांनीही आदराने ऐकलं. मग म्हणाले, तुम्ही मोठे आहात, माझी लेक तुमच्या हाती आहे, पण हे काम मी चाळीस वर्षं केलंय. डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही सायन्सचे शिक्षक आहात ना? समजावा ना त्यांना."

मी समजावलं. मेंढीचं पाणी वेगळं, हे रक्त वेगळं, मेंढीत किडा असतो, इथे नाही. आबा एकच विचारत राहिले, मग सारखंच आहे असं तू का म्हणालास. शेवटी मी आक्काकडे गेलो. म्हणालो, तुझं तू ठरव, तू शुद्धीत आहेस, तुझी सही चालेल. तिने पदराचा काठ सारखा केला.

"आबाच्या हातनं वाचलेली मेंढरं म्या बघितल्याती," ती म्हणाली. "गेलेली बी बघितल्याती. जी गेली ती घाईनं गेली, सायेब. चार दिस थांबू."

बुधवारी तज्ज्ञ आले आणि दुसरे दोन रोगी करून गेले. डॉक्टरांनी तरी हात टेकले नाहीत. त्यांनी मुंबईला फोन करून तज्ज्ञांना खास शनिवारी यायला राजी केलं. गुरुवारी दिवसभर मी, दाजी आणि डॉक्टर आबांच्या मागे लागलो. संध्याकाळी आबा म्हणाले, बरं, तुमचं एवढं म्हणणं आहे तर शनिवारी करा. दाजींनी सही केली. मी खाली जाऊन शाळेत फोन केला आणि सोमवारी येतो असं कळवलं.

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमारास आक्काने मला फणी मागितली. सहा दिवसांत केस विंचरले नव्हते. मी पिशवीतून काढून दिली. तिने भांगाला फणी लावली आणि तिचा हात तिथेच थांबला. मला वाटलं गुंता आहे. मग तिचे डोळे एका बाजूला फिरले आणि ती माझ्या अंगावर कलली. फणी केसांतच राहिली होती. ती नंतर सिस्टरने काढली.

तज्ज्ञ निरोप मिळताच निघून दुपारी पोचले. नळी जांघेतून वर गेली, तार आत बसली, फुगवटा पूर्ण भरला. काम अगदी नीट झालं, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. पण सकाळी जे रक्त सांडलं ते मेंदूत खोलवर गेलं होतं. त्यावर तारेचा उपाय नव्हता. डॉक्टर म्हणाले, वाट बघू. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की बघण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला फिल्म दिली. आबांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. रक्तवाहिन्यांच्या फांद्यांमध्ये एक लहानसा काळा गुंडा होता, चातीवरून उतरवलेल्या लोकरीसारखा. आबा पुष्कळ वेळ बघत होते.

"येवढंच हुतं?" त्यांनी विचारलं.

"येवढंच."

"कापलं कुठं न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी फिल्म पाकिटात घातली आणि पाकीट माझ्याकडे न देता स्वतःच्या पिशवीत ठेवलं.

आक्का त्यानंतर सात वर्षं होती. दीड महिन्याने तिला कासुर्डीला आणली. डोळे उघडायची, घास गिळायची, अंगाला ऊन लागलं की तोंड फिरवायची. आम्हाला ओळखत नव्हती. पहिल्या वर्षी आम्ही फार आशेने बघायचो. एकदा दाजींना वाटलं तिने हूं म्हटलं. मी पुण्याला जाऊन डॉक्टरांना सांगून आलो, त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या वर्षापासून आम्ही तसं बोलणं सोडलं. दाजींनी तिचं सगळं केलं, अगदी सगळं. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. मी दर रविवारी दौंडहून जायचो, ती जेवताना तिचं डोकं धरून बसायचो. डोळे मिटत नव्हतो. तिला ते कळत नव्हतं.

आबा महिन्यातून एकदा कवठ्याहून दोन गाड्या बदलून यायचे. खाटेशी बसायचे आणि निघायच्या आधी तिच्या कपाळावर अंगठा ठेवायचे. दाबायचे नाहीत, नुसता ठेवायचे.

चौथ्या की पाचव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कवठ्याला गेलो होतो. दारात एक मेंढी गोल फिरत होती. फिरून फिरून तिने मातीत गोल पाडला होता. बाकीची मेंढरं लांब बसलेली. मी आबांना विचारलं, हिचं किती दिवस झालं. म्हणाले, महिना. मी विचारलं, हाड दबतं का.

"दबतंय," आबा म्हणाले. "म्या हात लावत न्हाई आता."

मेंढी पाण्याच्या दगडी डोणीपर्यंत जायची, पण तोंड लावायच्या आत तिचं शरीर वळायचं आणि ती पुन्हा फेऱ्याला लागायची. आबा बघत होते. चाती त्यांच्या मांडीवर तशीच पडली होती.

"माजंच चुकलं," ते म्हणाले. "आडानी मानूस म्या. मेंढीवरनं मानसाचं धरलं. तुमी समदी शिकल्याली मानसं सांगत हुता, आन् मला मेंढीच दिसत हुती."

मी उंबऱ्यावर बसलो होतो. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं. ती तुलना मी केली, ह्याच दारात, ह्याच मेंढरांकडे बघून, हे ते विसरले होते. त्यांना ती स्वतःचीच वाटत होती. मला एक वाक्य बोलायचं होतं. आबा, ते मी म्हणालो होतो. एवढंच. त्यांच्या डोक्यावरचं ओझं माझ्याकडे आलं असतं, आणि ते माझंच होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. पण ज्या पोराला शिकवण्यासाठी आक्का चालली, त्या पोराच्या शिक्षणाने तिचं हे केलं, हे आबांना कळलं असतं. ते त्यांना सोसवणार नाही असं मी तेव्हा मनाला सांगितलं. खरं तर मला सोसवणार नव्हतं.

मी उठलो, मेंढीची मान गुडघ्यांत धरली, दोन्ही कान पकडले आणि तिचं तोंड पाण्याला लावलं. ती प्यायली. बराच वेळ प्यायली. मी सोडल्यावर ती पुन्हा फिरायला लागली.

"चारची गाडी हाय तुझी," आबा म्हणाले.

मी व्हय म्हणालो आणि पिशवी घेतली. पुढच्या पावसाळ्यात आबा गेले. आक्काची फिल्म त्यांच्या उशाच्या घोंगडीत घडी न पडता ठेवलेली सापडली.